घरच्या घरी शिक्षा

बेबीताईंना बघून माणसं हसत. यात बेबीताईंचा काही दोष नव्हता, माणसांचाही नव्हता. दोष होता भुवईचा. दोन्ही भुवया जाड, पण डावी जरा जास्तच स्वतंत्र बाण्याची. तोंडातून साधं "चहा घेता का" निघालं तरी ती टुणकन वर उडायची, आणि समोरच्याला वाटायचं की चहात काहीतरी गंमत आहे.

जबलपूरच्या मराठी मंडळात गणपतीला नाटकं व्हायची. बेबीताईंनी चाळीस वर्षं त्यांत कामं केली. मोलकरीण, चहाडखोर शेजारीण, बहिरी मावशी, पुन्हा मोलकरीण. राणी, विधवा, त्यागमूर्ती आई या सगळ्या शकु पोतनिसांच्या वाट्याला. शकुताईंना रडता छान यायचं. एकदा, फक्त एकदाच, बेबीताईंनी कमिटीशी भांडून गंभीर काम मिळवलं. ऐतिहासिक नाटक होतं. लढाईवरून दासी धावत येते आणि सांगते, महाराज पडले. बस, एवढंच. बेबीताई धावत आल्या, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "महाराज पडले!" मागच्या रांगेतून कोणीतरी काळजीनं विचारलं, "लागलं का हो फार?" झालं! पडदा पाडावा लागला. घरी येऊन बेबीताई न्हाणीघरात दार लावून रडल्या, तर बाहेर पेपर वाचत बसलेल्या मुरलीधररावांना वाटलं, बायको अजून हसूनच राहिली.

तेव्हापासून बेबीताईंच्या मनात एकच इच्छा होती. मरायच्या आधी एकदा तरी लोकांनी आपल्याला बघावं आणि हसू नये. काशी नको, गळ्यातलं नको, एवढंच पाहिजे.

ही इच्छा पुरी करायला देवानं आलोकला पाठवलं. आलोक म्हणजे त्यांचा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा. पुण्याला जाऊन सिनेमा शिकला, दहा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात राबला आणि शेवटी स्वतःचा काढला. नाव 'अंधाराची वाटणी'. नाव ऐकून मुरलीधरराव म्हणाले होते, "अंधाराची कशाची वाटणी, बाप्पा? लाईट गेली की सगळ्यांना सारखाच मिळते."

गोष्ट मात्र थंडगार करणारी होती. सरस्वती नावाची आई. तिची दोन मुलं घराच्या लोभानं बापाला मारतात आणि विहिरीत पडला म्हणून गावाला सांगतात. आईला कळतं. ती पोलिसांत जात नाही, रडत नाही, गावात कोणाजवळ बोलत नाही. एकेका मुलाला शांतपणे, घरच्या घरी शिक्षा देते.

"ही सरस्वती तू करायची," आलोकनं फोनवर सांगितलं.

"मी? अरे, लोक हसतील न!"

"नाही हसणार."

"शकुला विचार. तिला अनुभव आहे."

"शकुकाकू रडतात. मला रडणारी नको. आत्या, तुझा चेहरा हलला नाही न, तर भीती वाटते. लहानपणी तू माझी गणितं तपासायची, तेव्हाचा चेहरा पाहिजे मला."

बेबीताईंना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं की तुझी भीती वाटते. त्यांनी फोन ठेवला आणि आरशासमोर जाऊन बसल्या.

शूटिंग कुंडम गावाजवळच्या एका घरात बावीस दिवस चाललं. त्याआधी महिनाभर बेबीताईंनी घरी भुवईला वळण लावलं. कपाळावर चिकटपट्टी लावून स्वयंपाक करायचा, भाजीवाल्याशी बोलायचं, मुरलीधररावांशी भांडायचं. भुवई उडाली की पट्टी ओढली जायची आणि चर्रकन दुखायचं. भाजीवाल्यानं विचारलं, "अम्मा, चोट लग गई क्या?" आठवडा गेला, दोन गेले, आणि ती अवखळ भुवई अशी मुकाट झाली की मुरलीधररावांनाच करमेना. "आता तू रागावली का हसून राहिली, मला काही कळत नाही," ते म्हणाले. बेबीताईंना धन्य वाटलं.

सिनेमा पुण्यात पहिल्यांदा दाखवला तेव्हा मुरलीधररावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यामुळे बेबीताईंना जाता आलं नाही. आलोकचा फोन आला. "आत्या, सगळे गप्प होते. अख्खं थिएटर."

"कोणी हसलं नाही?"

"एकसुद्धा नाही."

"परत सांग."

"एकसुद्धा नाही, आत्या."

बेबीताईंनी हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं, आणि मग फोन स्पीकरवर टाकून मुरलीधररावांना ऐकवलं.

आता सिनेमा जबलपूरला येणार होता. सदर बाजारातल्या थिएटरात रविवारी दुपारी बाराचा एक खेळ. बेबीताईंनी सगळ्या गावाला आमंत्रणं केली. मंडळ तर येणारच होतं, पण टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी, गल्लीतली सगळी घरं, शेजारच्या फौजी कुटुंबातल्या बायका, गॅसवाला, डॉक्टरीण, सगळेच. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक हिंदीवाले. त्यांना मराठी कसं कळणार? तर पडद्याच्या खाली हिंदीत ओळी द्यायच्या ठरल्या. त्या लिहायचं काम आलोकची धाकटी बहीण प्रणोती हिच्यावर आलं. प्रणोती राइट टाउनच्या एका शाळेत शिकवते, हिंदी फर्स्ट क्लास, मराठी घरापुरतं. आठ दिवस बसून तिनं सगळा सिनेमा हिंदीत उतरवला. तपासायला मुरलीधरराव. त्यांचा जन्म फॅक्टरीत इन्स्पेक्शनमध्ये गेलेला. त्यांनी चष्मा पुसून एकेक ओळ पाहिली, अकरा अनुस्वार नापास केले, चार वेलांट्या बदलल्या आणि कागदाखाली सही करून दिली.

रविवारी बेबीताई पावणेबारालाच थिएटरात. मोरपंखी साडी, केसात मोगरा, आणि चष्मा मुद्दाम घरी. त्याशिवाय त्यांना पडदा दिसायचा, पण खालची बारीक अक्षरं दिसायची नाहीत. त्यांना ती वाचायची कशाला होती? सगळे संवाद पाठ होते आणि स्वतःचं तोंड चांगलं वीस फुटांचं दिसणार होतं.

एका बाजूला मुरलीधरराव बसले, दुसऱ्या बाजूला शकुताई. शकुताईंनी पर्समधून दोन रुमाल काढून मांडीवर ठेवले. "एक तुला लागेल," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा गंभीर काम करून राहिली न तू."

"मला नाही लागणार," बेबीताई म्हणाल्या, आणि त्यांनी केसातला मोगरा नीट केला.

अंधार झाला. सिनेमा सुरू झाला. विहीर, कंदील, दार, आणि दारात सरस्वती. याच क्षणी, त्या नुसत्या आल्या की, चाळीस वर्षं लोक हसत आले होते. एक, दोन, तीन. कोणी हसलं नाही! मागे कोणीतरी वेफर्सची पिशवी फोडली, तेवढाच आवाज. बेबीताईंनी अंधारातच हात जोडले. वीस मिनिटं गेली. बाप मेला, तेरावं झालं, मुलांनी घराचे कागद काढले, आणि सरस्वतीला खरं काय ते कळलं. सगळं थिएटर कसं चिडीचूप. शकुताईंनी रुमाल उचलला.

पडद्यावर सून कुजबुजली, "आई, पोलिसांत जाऊ या."

सरस्वतीनं कंदिलाची वात खाली केली. "पोलीस काय करतील? शिक्षा मी देईन. घरच्या घरी."

आणि मागून खी: करून आवाज आला. मग दुसरीकडून. मग डाव्या कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं, "अम्मा ट्यूशन पढ़ाएँगी!" आणि निम्मं थिएटर फुटलं.

भुवई! नक्कीच भुवई हलली! त्यांनी डोळे फाडून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरची भुवई तर मेल्यासारखी पडली होती. मग काहून हसून राहिले हे लोक? पुढच्या रांगांतली मंडळाची माणसंही मागे वळून रागानं बघत होती. त्यांनाही काही कळत नव्हतं.

पुढच्या प्रसंगात मोठा मुलगा आईच्या पायाशी रडत होता. म्हणाला, वडिलांना ढकललं, चुकलो, पण आता या वयात मला कसली शिक्षा देते. सरस्वती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "शिक्षेला वय नसतं, बाळा."

यावर तर टाळ्या पडल्या. "बिल्कुल सही!" असं एक्स्चेंजमधल्या शर्माबाई मोठ्यानं म्हणाल्या, आणि हा आवाज बेबीताईंनी ओळखला. तीस वर्षं शेजारी बसून काम केलेली मैत्रीण! तीसुद्धा!

मग सरस्वती देवापुढे बसून स्वतःशीच बोलली. "तुमच्या बापानं मला दिलेली शिक्षा मी तीस वर्षं भोगली. एक दिवस तक्रार केली नाही."

"अपन ने तो बारा साल में ही हाथ जोड़ लिए थे, बड्डे!" मागून एक जण शेजारच्या दोस्ताला म्हणाला. आता मंडळातलीही काही माणसं खाली बघायला लागली, म्हणजे पडद्याच्या खालच्या भागाकडे, आणि त्यांचेही खांदे हलायला लागले. मुरलीधरराव मात्र शांत होते, कारण ते झोपले होते. शकुताईंनी रुमाल तोंडावर धरला होता. त्या रडत होत्या का हसत होत्या, बेबीताईंनी बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

शेवटी मोठा मुलगा आईनं दिलेलं दूध प्यायला आणि जमिनीवर कोसळला. सरस्वतीनं पेला विसळला, पदराला हात पुसले, धाकट्याच्या खोलीचं दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली. मग दाराला तोंड लावून हळूच म्हणाली, "मोठ्याची शिक्षा पूर्ण झाली. आता तुझी."

काय सांगावं! लोक खुर्चीत मावेनात. कोणी मांडीवर थापा मारून राहिलं, कोणी शेजाऱ्याच्या अंगावर पडलं, आणि त्या गदारोळातच इंटरव्हल झाला.

बेबीताईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "उठा. ऑटो बोलवा. घरी चला."

"संपला?"

"हो. मी संपली."

मागच्या रांगेतली एक फौजीबाई, अंगावर निळा स्वेटर, डोळे पुसत पुढे वाकली. "अम्मा जी, पेट दुख गया। आप तो ग़ज़ब हो!"

बेबीताई "थँक्यू" म्हणाल्या. चाळीस वर्षांची सवय. पण आतून त्यांना रडू फुटलं होतं. हाच तो रविवार. यासाठी महिनाभर कपाळाची साल काढून घेतली, कुंडमच्या थंडीत पहाटे पाचला उठून बसल्या. आता परत कोण देणार होतं असं काम? सहासष्ट वर्षं झाली. पुढच्या गणपतीत पुन्हा बहिरी मावशी.

तेवढ्यात प्रणोती धावत आली. डोळे लाल, मागे आलोक, चेहरा पांढराफटक.

"आत्या, तुझी काही चूक नाही, माझी आहे," प्रणोती रडत म्हणाली. "शिक्षा!"

"काय शिक्षा?"

"मी शिक्षाला शिक्षाच लिहिलं. खाली. हिंदीत."

"मग अजून काय लिहितात?" मुरलीधरराव आता पूर्ण जागे झाले. "मी तपासलं आहे ते. क्ष बरोबर, वेलांटी पहिली. पास आहे तो शब्द."

"आतोबा, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण!"

आता यात नवीन काय होतं? दोन्ही अर्थ त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते आणि एकमेकांना कधी धक्का लागला नव्हता. मुरलीधरराव वर्षानुवर्षं 'शिक्षा विभाग' अशी पाटी असलेल्या ऑफिसवरून सायकलनं गेले, पण आत लोकांना फटके देत असतील असं त्यांना कधी वाटलं नाही. आणि घरी येऊन "थांब, शिक्षा करीन" म्हणाले तेव्हा पोरांनी पाटी-दप्तर काढलं नाही. पण अक्षरं सारखी, लिपी सारखी, आणि लिहिणारी मराठी, तपासणारा मराठी. डोळे त्या शब्दावरून घसरून पुढे गेले.

"सज़ा लिहायला पाहिजे होतं मी," प्रणोती हुंदके देत म्हणाली. "अम्मा पोरांना घरी शिकवून राहिली असं वाटून राहिलं लोकांना. आणि तुझं नाव पण सरस्वती!"

बेबीताईंनी तिचं मनगट धरलं. "म्हणजे भुवईला नाही हसले?"

"भुवई? आत्या, भुवई तर हललीसुद्धा नाही!"

बेबीताई मटकन खुर्चीत बसल्या. केवढं ओझं उतरलं! त्यांनी मनातल्या मनात सगळे संवाद पुन्हा म्हणून पाहिले. मोठ्याची शिक्षा पूर्ण झाली. आता तुझी. अगं माय! त्यांच्याच पोटातून हसू उसळून वर आलं आणि त्यांनी ते ओठ चावून गिळलं. पण हसू गिळलं तसा राग वर आला.

"पण हसले तर हसले न," त्या म्हणाल्या. "कशालाही का असेना. मला लोकांनी हसायला नको होतं, प्रणोती. जन्मात एकदा. एवढंच मागितलं होतं मी."

आलोक जवळ येऊन बसला. "दुसऱ्या भागात तो शब्द नऊ वेळा आहे. शेवटच्या प्रसंगात पाच. बदलता नाही येणार आत्ता. मशीनवरचा विक्की म्हणतो, खालच्या ओळी बंद करता येतील, बस."

"मग बंद कर."

"आत्या, निम्म्या लोकांना मराठी येत नाही! शेवट सगळा तुझ्या बोलण्यावर आहे. बंद दारासमोर बसून तू सोळा मिनिटं बोलते. एक शब्द कळणार नाही त्यांना."

बेबीताई म्हणाल्या, "मी एक्स्चेंजमध्ये लागली तेव्हा ट्रंक कॉल होते. सगळी छावणी आमच्याकडून बोलायची. मद्रासी, बंगाली, गढवाली. लाईन जोडली का नाही ते बघायला दोन शब्द कानावर पडायचेच. मला काय त्या भाषा येत होत्या? पण घरी कोणी गेलं असलं न, आलोक, तर 'हॅलो' म्हटल्याबरोबर कळायचं. शर्माबाई आणि मी हेडफोन काढून बसायचो. त्याला भाषा नाही लागत."

"आणि लोक उठून गेले तर?"

"तर जातील. हसत तर नाही जाणार."

आलोकनं आत्याकडे पाहिलं. सहा वर्षं त्यानं या सिनेमासाठी घातली होती, आणि आता तो अर्धा सिनेमा अर्ध्या लोकांना मुका करून दाखवायचा होता. "अच्छा," तो म्हणाला. "चलो. बघू." आणि विक्कीला सांगायला वर गेला.

दुसरा भाग सुरू झाला तशी बोंबाबोंब. "अरे भैया, नीचे का लिखा किधर गया?" "बड्डे, क्लास बंद हो गई क्या?" शिट्ट्या आल्या. पाचसात जण खरंच उठून गेले. उठलेल्यांच्या चपलांचा आवाज बेबीताईंनी एकेक करून ऐकला. बरोबर केलं का मी? पोराच्या सहा वर्षांची माती तर नाही केली माझ्या हट्टापायी? उठावं, ओरडून सांगावं, लावा रे त्या ओळी, हसू द्या त्यांना!

पण त्या उठल्या नाहीत. कारण तोवर शिट्ट्या विरळ झाल्या होत्या. हिंदीवाले सुरुवातीला शेजारच्या मराठी माणसाला विचारत होते, "क्या बोली?" मराठी माणूस सांगायचा. मग सांगणारेच सांगेनासे झाले. मग विचारणारेही.

शेवटचा प्रसंग आला. बंद दार, आत धाकटा, बाहेर जमिनीवर सरस्वती. आतून तो विनवून राहिला, आई, दार उघड. ती बोलत होती. तो पहिल्यांदा चालला तो दिवस, तापात फणफणला तो आठवडा, बाप त्याला खांद्यावर बसवून जत्रेला घेऊन गेला ते. आवाज वर नाही, खाली नाही. बेबीताई स्वतःलाच ऐकत होत्या आणि त्यांना वाटून राहिलं होतं, ही कोण बाई आहे? ही मी नाही. हिच्यासमोर बसायची माझी हिंमत नाही.

पडद्यावर सरस्वतीचा हात कडीकडे गेला. कडीवर टेकला. तिथंच थांबला.

थिएटरच्या पार मागून एक बाईमाणूस ओरडलं, "अम्मा, कुंडी खोलो न!"

कोणी हसलं नाही. त्या आवाजात रडू होतं.

सरस्वतीनं कडीवरचा हात काढून घेतला, मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "शिक्षा आहे, बाळा." कंदील विझला. सिनेमा संपला.

दिवे लागले तरी कोणी उठेना. ना टाळी, ना खोकला. बेबीताईंनी आयुष्यभर जी शांतता मागितली होती ती ही, चारशे माणसांची. त्यांना वाटलं होतं, ती मिळाली की आपण सुखानं डोळे मिटू. कसलं काय! त्यांचा जीव घाबराघुबरा झाला. एवढा वेळ कोणी हसलं नाही असं त्यांच्या जन्मात कधी झालं नव्हतं. मेले का काय सगळे? त्यांनी हळूच मुरलीधररावांकडे पाहिलं. मुरलीधरराव जागे होते, ऑपरेशन केलेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही विसरले होते.

"अहो, डोळ्याला हात नका लावू," बेबीताई कुजबुजल्या.

"नाही लावून राहिलो," ते म्हणाले, आणि त्यांनी बायकोचा हात धरला. चारशे माणसांच्या देखत. असं त्यांनी लग्नातसुद्धा गुरुजींनी सांगितलं म्हणूनच केलं होतं.

मग टाळ्या आल्या. आधी मागून, मग सगळीकडून. मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले, शर्माबाई उभ्या राहिल्या. शकुताई उभ्या राहिल्या नाहीत. दोन्ही रुमाल मांडीवर कोरडेच होते. "बेबी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "घसा सुकला ग. पाणी आहे का?" बेबीताईंनी पिशवीतली बाटली दिली. शकुताईंनी बाटली घेतली, उगीचच एकदा आत डोकावून बघितलं, आणि मग प्यायल्या.

ते बघून बेबीताईंच्या छातीत आनंदाचं कारंजं उडालं. शकु घाबरली! आपल्याला!

बाहेर पडायला जिना एकच. गर्दी उतरत होती. बेबीताई वरच्या पायरीवर आल्या आणि कोणीतरी मागे वळून बघितलं. मग अजून कोणी. बोलणं थांबलं. माणसं सरकली, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि जिन्याच्या मधोमध वाट तयार झाली. निळ्या स्वेटरवाल्या फौजीबाईनं आपल्या लेकीला हाताला धरून भिंतीकडे ओढून घेतलं आणि आदरानं, पण जरा अंतर ठेवूनच, नमस्कार केला. कोणी पोट दुखलं म्हणालं नाही. कोणी ग़ज़ब म्हणालं नाही.

बेबीताई एकेक पायरी उतरू लागल्या. चेहरा दगडाचा. मान ताठ. मोगरा जागच्या जागी. मागे मुरलीधरराव, त्यांच्या मागे प्रणोती, डोळे सुजलेले आणि तोंडभर हसू. आलोक शेजारून चालत होता. त्याला आत्याची छाती भात्यासारखी हलताना दिसत होती आणि डावी भुवई, बांध फुटायला आलेल्या नदीसारखी, थरथरून राहिली होती.

"आत्या," तो कानाशी लागून म्हणाला, "हस न आता. झालं न सगळं."

बेबीताईंनी ओठ न हलवता उत्तर दिलं.

"गप रे. जिना उतरू दे आधी."